बाराशे तीनमधले अकरा धनपाल

सकाळी पावणेसहाला क्रांती नलवडे पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरातून जिन्याने खाली उतरली. सकाळच्या फेरीला ती लिफ्ट मुद्दामच वापरत नसे. जिन्यात कुणी बसून गेले असेल, थोटके टाकली असतील, तर ती पायी उतरणाऱ्यालाच दिसतात. त्या मंगळवारी जिना स्वच्छ होता. पंपघरात जाऊन तिने टाक्यांची पातळी पाहिली आणि फळ्यावर खडूने आकडा लिहिला. पोहण्याच्या तलावात कागदी पट्टी बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला. दोन्ही लिफ्ट आणि मागच्या बाजूची सामानाची लिफ्ट सतराव्या मजल्यापर्यंत रिकाम्या पाठवून परत आणल्या. साडेसहाला दुधाची गाडी आली. मजल्यांप्रमाणे पिशव्या ट्रेमध्ये लावताना बाराव्या मजल्यापाशी तिचा हात नेहमीसारखाच थबकला. तिथे चार घरे होती आणि पिशव्या तीनच घरांच्या. बाराशे तीनमध्ये करारानुसार तीन माणसे राहत होती, पण जानेवारीपासून त्या घरात दुधाची एक पिशवी गेली नव्हती. वर्तमानपत्र नाही, गॅसचे सिलिंडर नाही, कचऱ्याची बादलीही नाही.

‘मेघदीप’ सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. सतरा मजल्यांतली एकही सदनिका विकलेली नव्हती. सगळी इमारत एका कंपनीची आणि सगळी घरे भाड्याची. मिरजेच्या दवाखान्यांत बदलून आलेले डॉक्टर, बँकांचे मोठे अधिकारी, कुपवाडला कारखाने असलेली पण कारखान्याचा धूर घरात नको असलेली कुटुंबे असे लोक तिथे राहत. दारात संगमरवर, आत व्यायामशाळा, गच्चीवर बाग. अशा घरांची भाडी ऐकून गावाकडची माणसे आधी हसत आणि मग गप्प होत.

क्रांती या इमारतीची व्यवस्थापक. मूळची खटाव तालुक्यातली; पाचगणीच्या एका हॉटेलात आठ वर्षे काढून दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. नवरा फौजेत हवालदार, सध्या आसामात. पहिल्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर नोकरीबरोबर मिळालेले. त्यात ती, सातवीतली मुलगी आणि सासू साळूबाई. नोकरी गेली तर घरही त्याच दिवशी जाणार, हे नियुक्तिपत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलेले होते. आणि नोकरी जाऊ शकते, हे मार्च महिन्यात तिला कळून चुकले होते. सातशे पाचमध्ये विद्यार्थी म्हणून राहिलेली चार मुले सोळा मोबाइल मांडून क्रिकेटचा सट्टा घेत होती. पोलिस आले, बातमी छापून आली, आणि पुण्याच्या मुख्य कार्यालयातून क्रांतीला लेखी ताकीद मिळाली. तिचा करार जूनअखेर संपत होता. ‘यापुढे असा प्रकार आढळल्यास नूतनीकरणाचा विचार होणार नाही,’ असे त्या पत्रात होते.

सातशे पाचची मुले गोड बोलत, जाता-येता नमस्कार करीत. त्यामुळे हल्ली कुणी फार नम्रपणे नमस्कार केला की क्रांतीच्या मनात पाल चुकचुकत असे. आणि बाराशे तीनचे धनपाल चौगुले संपूर्ण इमारतीत सर्वांत नम्र भाडेकरू होते.

सात वाजता ती मागच्या दारावर गेली. सामान, कामकरी माणसे आणि मोबाइलवरून परवानगी न मिळवता येणारे पाहुणे या दाराने येत, आणि त्यांच्यासाठी अजून कागदाची वही होती. दारावर ज्ञानू शेलार बसलेला. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेला, कोरेगावकडचा, मिशा अजून परेडला निघाल्यासारख्या.

“ताई, जरा इकडं या,” तो म्हणाला. “शनवारी दुपारपाळीला मी नव्हतो. त्यो नवा गडी होता. आज वही चाळली आन् डोसकंच चालंना. ह्ये बघा. धनपाल चौगुले, दोन वाजून पाच. धनपाल चौगुले, दोन वाजून वीस. परत धनपाल, पावणेतीन. ह्यो माणूस एका दुपारी अकरा येळा आत आलाय, आन् भाईर एकदाबी गेला न्हाई.”

“बाहेर जाताना लिहिलं नसेल.”

“व्हय, पण अक्षर बघा की. पयला धनपाल तलाठ्यावानी लिवतोय. तिसऱ्याचं अक्षर म्हंजे कोंबडीचं पाय. आन् सातव्यानं तर अंगठा लावलाय. चौगुले बी.एस्सी. अॅग्री हाय म्हणं. मधल्या मधी लिवायचं इसरला काय?”

क्रांती हसली नाही. अकरा सह्या, अकरा वळणे, नाव एकच. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात काहींनी चौगुल्यांचा क्रमांक लिहिला होता, काहींनी रकाना कोरा ठेवला होता. तिने मागची पाने उलटली. दर मंगळवारी आणि शनिवारी असेच होते. मे महिना लागल्यापासून तर वाढतच गेले होते. सातशे पाचच्या मुलांनीही एकमेकांच्या नावावर सह्या केल्या होत्या. पोलिसांनी तिला नेमके तेच विचारले होते: बाई, तुम्ही वही ठेवता, ती वाचता का?

“अजून काय पाहिलंत तुम्ही?”

ज्ञानूने बोटे मोडत आठवले. “येताना पेट्या असत्यात. पत्र्याच्या, कुलूप लावलेल्या. एकावेळी दोन, कवा तीन. पेट्या वर जात्यात, खाली कवा येत न्हाईत. बाकीची माणसं रिकाम्या हातानं वर जात्यात आन् येताना कायतरी पिशवीत गुंडाळून काखंत मारून आणत्यात. इचारलं की ‘कागुद हाय’ म्हणत्यात. आन् चौगुले सोता एक स्टीलचा क्यान आणतोय, तोंडाला फडकं बांधलेला. आपल्या हितं मजल्या-मजल्याला शुद्ध पाणी हाय, मंग क्यानात काय आणतंय म्हणतो मी?”

“आणि सगळे जातात कधी?”

“दिस मावळायच्या आत. कसं काय कुणास ठावं, पण साडेसहा वाजलं की एक माणूस वर ऱ्हात न्हाई. ड्यूटी संपल्यावानी.”

त्या दिवशी दुपारी क्रांती स्वतः बाराव्या मजल्यावर गेली. बाराशे तीनच्या दाराबाहेर चपलांची रांग होती: चिखल वाळलेल्या, अंगठा तुटून तारेने बांधलेल्या. दाराच्या फटीतून डांबराच्या गोळ्यांचा आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा मिश्र वास येत होता. आत पत्रा फरशीवर सरकल्याचा आवाज झाला, मग कुणीतरी दबक्या स्वरात म्हणाले, “आवाज करू नगासा.” क्रांतीने घंटीकडे नेलेला हात मागे घेतला. करारानुसार चोवीस तासांची सूचना दिल्याशिवाय तिला घरात शिरता येत नव्हते.

समोरचे दार उघडले. बाराशे चारच्या राजनंदिनी घाटगे बाहेर आल्या. त्यांच्या यजमानांचा कुपवाडला सुट्या भागांचा कारखाना होता. “वास आला ना? बरं झालं, स्वतःच्या नाकानं घेतलात. मी सांगितलं की लोकांना वाटतं, घाटगेबाईंना उद्योग नाही.”

“तुमची तक्रार आल्यावर मी लक्ष ठेवून आहे, मॅडम.”

“लक्ष तुम्ही सातशे पाचवरही ठेवून होतात.” त्या हे अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या. “रागावू नका. पण शनिवारी त्या दारात एक म्हातारा रडत बसला होता. माणसं रडत बाहेर येतात, एका वेळी एकेकाला आत घेतात, पेट्या आहेत. सावकारी असेल, भोंदूगिरी असेल, मला काय माहीत. मी पुण्यालाही कळवलंय. तुमच्या पाठीमागून नको, म्हणून सांगून ठेवते.”

संध्याकाळी पुण्याहून विश्वजीत सरांचा फोन आला. कंपनीच्या भाडे विभागाचे प्रमुख. आवाज नेहमीसारखा मऊ. “नलवडे मॅडम, बाराशे तीन. चौदावं कलम आठवतंय ना? संशयास्पद वर्दळ किंवा राहण्याव्यतिरिक्त वापर. व्यवस्थापकाचा लेखी अहवाल असेल तर आपण सात दिवसांत करार रद्द करू शकतो. नसेल, तर डिसेंबरपर्यंत हात बांधलेले. मला सोमवारी बारापर्यंत अहवाल द्या.”

“सर, शनिवारी अग्निशमनाच्या तपासणीसाठी सूचना देऊन आत जाते. पाहून लिहिते.”

“जा ना. पण वही आहे, शेजाऱ्यांची तक्रार आहे, तेवढंही पुरेसं आहे. यावेळी आपण पोलिसांच्या आधी पोचू या. तुमच्याच हिताचं सांगतो.”

शुक्रवारी रात्री जेवणाआधी तिने अहवालाचा मसुदा करून ठेवला. एकाच नावाने अनेक व्यक्तींचा प्रवेश, कुलूपबंद पेट्या, अज्ञात द्रव असलेला कॅन, घरात वास्तव्याची कोणतीही खूण नाही. लिहिताना तिला एक प्रकारचे समाधान वाटले. मार्चमध्ये जे तिला दिसले नव्हते, ते आता वेळेवर दिसत होते.

शनिवारी दोन वाजता तिने बाराशे तीनची घंटी वाजवली. बरोबर ज्ञानू होता. दार चौगुल्यांनीच उघडले. साठीतले, पांढरा सदरा, पायांत काही नाही.

“या बाई. तुमची चिठ्ठी मिळाली. चपला तेवढ्या बाहेर.”

“तपासणी आहे. मला सगळ्या खोल्या पाहायच्या आहेत.”

“बघा की.”

दिवाणखान्यात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता, पडदेही नव्हते. भिंतींना लागून पत्र्याच्या पेट्या होत्या, दोन-दोन, तीन-तीन एकावर एक, खाली विटा आणि फळ्या. प्रत्येक पेटीवर तैलरंगाने आकडा, प्रत्येकीला वेगळे कुलूप. आतल्या दोन्ही खोल्यांत तेच. मोजत मोजत ती एकेचाळिसापर्यंत गेली. स्वयंपाकघरात ओट्यावर तो स्टीलचा कॅन, दोन पेले, एवढेच.

“यात काय आहे?” तिने कॅनकडे बोट केले.

“पाणी. आमच्या विहिरीचं, गाळलेलं. आम्ही जैन, मला नळाचं चालत नाही, नियम घेतलाय. सूर्यास्तानंतर पाणीबी घेत नाही, म्हणून उजेड आहे तवरच घरी परततो. प्यायचं तर प्या.”

ज्ञानूने झाकण उघडून वास घेतला आणि मान डोलावली.

“आणि पेट्यांत?”

“कागदं. गावची.” चौगुले भिंतीला टेकून खाली बसले. “आम्ही नदीकाठचे, नांदणवाडीचे. एकोणीस साली गावात पाणी आलं, ते माळ्यापर्यंत आलं. माणसं बोटीनं निघाली. जनावरं काही वाचली, काही नाही. कागद एक वाचला नाही. मग एकवीस साली परत. मधल्या काळात कुणी पेटी पाहुण्याच्या घरी ठेवली, तर पाहुण्याच्याही घरात पाणी. बँकेची पेटी म्हणाल, तर बँक बाजारात आणि बाजार पाण्यात. शेवटी एकेचाळीस घरांनी मिळून ठरवलं, उंच जागा बघायची. तुमची इमारत गच्चीवरनं दिसते आमच्या गावातनं.”

क्रांतीने हे ऐकले, आणि तिला ते खरे वाटले. म्हणूनच ती सावध झाली. सातशे पाचच्या मुलांची गोष्टही ऐकायला खरी वाटत असे.

“मी सांगते ती पेटी उघडून दाखवा. ही सतरा.”

“ती मला उघडता येत नाही.”

“का?”

“किल्ली ज्याची त्याच्याकडं. सोनं ठेवायचं नाही, धान्य ठेवायचं नाही, दारू-बिरू नाही, एवढं मी प्रत्येकाकडनं वदवून घेतलंय. बाकी पेटी माझ्यासमोर उघडली तर मी तोंड फिरवतो. लोकांची खासगी कागदं असतात. कुणाची मृत्युपत्रं आहेत.”

“म्हणजे आत काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही.”

“नाही,” चौगुले म्हणाले. “खोटं कशाला सांगू?”

ज्ञानू क्रांतीकडे पाहू लागला. पोलिसांनी विचारले असते तर हेच उत्तर सर्वांत वाईट ठरले असते.

“आणि वहीत? प्रत्येक जण तुमचं नाव लिहून आत येतो. अकरा धनपाल चौगुले.”

चौगुल्यांना आधी कळलेच नाही. ज्ञानूने वहीचे पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. “अरे देवा. अहो, ही कारखान्याची सवय. कारखान्याच्या फाटकावर ऊस घेऊन गाडीवान जातो, तो काय स्वतःचं नाव सांगतो? ज्याचा ऊस, त्याचं नाव. वजनकाट्यावर पावतीबी त्याच्याच नावाची. यांनी तुमचं फाटक बघितलं, वही बघितली, आणि ज्याचं घर त्याचं नाव लिहिलं. पन्नास वर्षं तेच करत आलेत. मी एकदा बघायला पाहिजे होतं.”

ज्ञानूच्या मिशीखाली हसू आले, ते त्याने खोकून दाबले. “बराबर हाय ताई. आमच्याकडंबी तसंच.”

क्रांती म्हणाली, “मी इथे बसते. आज जे येतील, त्यांनी माझ्यासमोर पेटी उघडायची. त्यांची तयारी असेल तर. नसेल तर मी तसं लिहीन.”

ती सव्वासहापर्यंत तिथे पालथ्या बादलीवर बसून राहिली. पहिल्यांदा एक तरुण आला. त्याला बहिणीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. दादासो नावाच्या माणसाने पीकविम्यासाठी सातबारा आणि जुनी मोजणीची नकाशाप्रत काढली. एकाने नुसती पेटी उघडली, आतल्या गोळ्या बदलल्या, पाल्याचा जुना चुरा झटकला आणि कुलूप लावले. मे महिन्यात गर्दी का वाढली, ते आता उघड होते. शाळा-कॉलेजांचे प्रवेश तोंडावर आले होते. प्रत्येक जण आधी चौगुल्यांकडे पाही, मग या अनोळखी बाईकडे, आणि अवघडून कुलूप काढी. तिच्या नजरेखाली त्यांचे हात चुकत होते. एका म्हाताऱ्याने मात्र नकार दिला. “माझी न्हाई उघडणार,” तो म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. क्रांतीने त्या पेटीचा आकडा टिपून घेतला.

पाचच्या सुमारास बनुबाई आली. सत्तरीची, वाकलेली, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात.

“ही कोण गं बया? पोलिसीण?”

“इमारतीच्या व्यवस्थापक हायत, काकी,” चौगुले म्हणाले. “बघायचंय म्हणतात.”

“बघू दे की. म्या काय चोरून आणलंया?” तिने पेटी उघडली आणि क्रांतीलाच म्हणाली, “बसलीयास तर कामाला ये. मला वाचाय येत न्हाई. नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला काढ त्यातनं.”

क्रांती फरशीवर बसली. वरच नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात दाखला होता. खाली एक छायाचित्रांची वही होती, पाणी पिऊन फुगलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. एक पान सुटे होते. त्यावर लग्नातली माणसे असावीत. फेटे आणि साड्या दिसत होत्या, तोंडांच्या जागी रंग ओघळला होता.

“ती ऱ्हाऊ दे,” बनुबाई म्हणाली. “मला कळतंय कोण कुठं हुबं हाय त्ये.”

वहीच्या खाली फौजेची कागदपत्रे होती, दुसरी प्रत असल्याचे शिक्के मारलेली. मराठा लाइट इन्फंट्री, शिपाई, सेवानिवृत्ती. क्रांतीचे बोट त्या शिक्क्यावर थांबले. अशीच फौजेची, नवऱ्याची कागदपत्रे तिच्या घरी कपाटात, साड्यांच्या खाली होती.

“ह्येंचं डिसचार्ज बुक गेलं पाण्यात,” बनुबाई सांगू लागली, कुणीतरी विचारल्यासारखी. “आन् त्याच साली ह्ये गेले. मंग दोन वरसं मी जित्ती हाय आन् ह्येंचीच बायकू हाय, ह्येच शाबीत करत फिरले. साताऱ्याला गेले, बेळगावला गेले. एक सायेब म्हणला, आज्जे, फोटू आण लग्नाचा. म्या ही वही नेली. त्यो बघतोय आन् म्हणतोय, ह्यात त्वांडं कुठं हायत?” ती हसली. ज्ञानू खिडकीकडे वळला. “आता माझी पेटी बाराव्या माळ्यावर हाय. नदी वर येऊन येऊन किती वर यील?”

सहा वाजून वीस मिनिटांनी क्रांती खाली आली. तिने त्या दिवशी नऊ पेट्या उघडताना पाहिल्या होत्या.

रविवारी सकाळी राजनंदिनीबाई व्यायामशाळेतून परतताना दारात भेटल्या. क्रांतीने त्यांना सांगितले की पेट्यांत गावाची कागदपत्रे आहेत आणि दारात रडणारा तो म्हातारा, चौगुल्यांच्या सांगण्यानुसार, मृत मुलाचा दाखला घ्यायला आला होता. राजनंदिनीबाई म्हणाल्या, “अगं बाई. मला काय ठाऊक. जाऊ दे, तसंही आम्ही एक तारखेला पंधराव्यावर जातोय.”

“पंधराव्यावर?”

“तुम्हाला सांगितलं नाही? बारावा मजला अख्खा एका हॉस्पिटलला देणार आहेत ना, जुलैपासून. डॉक्टरांसाठी. आम्हाला नदीकडचं घर देतायत, भाडं तेच. बाकी दोघंही तयार झाले. चौगुलेच अडून बसलेत, म्हणाले करार डिसेंबरपर्यंत आहे. विश्वजीत सरांनीच मला म्हटलं होतं, वास येतो तर लेखी द्या म्हणून.”

आठवडाभर जो संशय क्रांतीने बाराशे तीनच्या दाराशी बसवला होता, तो तिथून उठला आणि तिच्या स्वतःच्या टेबलापाशी येऊन बसला. तिने कार्यालयात जाऊन शुक्रवारचा मसुदा काढला. तिने लिहिलेले प्रत्येक वाक्य वस्तुस्थितीला धरून होते. एकाच नावाने प्रवेश झाला होता. पेट्या कुलूपबंद होत्या. घरात कुणी राहत नव्हते. खाली सही केली की सात दिवसांत, म्हणजे जून लागताच, एकेचाळीस पेट्या परत नदीकाठी जाणार होत्या. पाण्याचे महिने त्यानंतरचे. सही केली नाही तर काय होईल, हे सांगायला कुणी पुण्याहून यायची गरज नव्हती.

तिने चौगुल्यांना फोन लावला. “काका, करार राहण्यासाठी आहे. घरात कुणी राहत नाही, हे मला लिहावंच लागेल.”

“लिहा. आमच्यासाठी खोटं लिहू नका.” पुढे ते म्हणाले, “पण पाणी चढायला लागलं की मी, माझी बायको चंदनबाला आणि आई तिथं येऊन राहणार. घेतलं तेव्हापासनं तसंच ठरलंय. तेही लिहा.”

दुपारी जेवताना तिने सासूला सांगितले. साळूबाईने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “म्हंजे ह्ये घर जाईल?”

“जाऊ शकतं.”

“पोरीची शाळा?”

“शाळेपासनं लांब घ्यावं लागेल.”

साळूबाईने आमटीची वाटी बाजूला सारली. “म्या काय सांगू? माझ्या सह्या कुठं चालत्यात,” ती म्हणाली. “तू बघितलंस, तू लिव. न बघितल्यालं तेवढं लिवू नगंस.”

सोमवारी सकाळची फेरी आटोपून क्रांती नऊ वाजता टेबलापाशी बसली. संगणक तिने सुरू केला नाही. तक्रारींची छापील क्रमांकाची वही घेतली, जिचे पान फाडले तर मागे खूण राहते, आणि खाली दोन कार्बन ठेवून बॉलपेनाने दाबून लिहायला लागली.

‘सदनिका १२०३ ची शनिवारी समक्ष पाहणी केली. आत पत्र्याच्या एकेचाळीस कुलूपबंद पेट्या आहेत. त्यांपैकी नऊ माझ्यासमोर उघडण्यात आल्या. त्यांत दाखले, सातबारा उतारे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व छायाचित्रे होती. एका गृहस्थांनी पेटी उघडण्यास नकार दिला (क्र. २८). उरलेल्या एकतीस मी पाहिलेल्या नाहीत. सध्या घरात कुणी राहत नाही. पावसाळ्यात कुटुंब राहायला येणार असल्याचे भाडेकरूंनी सांगितले. कॅनमध्ये पिण्याचे पाणी आहे. वहीतील एकसारखी नावे ही अभ्यागतांची चूक असून फाटकावर ती वेळीच न तपासणे ही माझी चूक आहे.’

इथे ती थांबली. आतापर्यंतचे लिहिणे सोपे होते. मग तिने पुढची ओळ लिहिली: ‘चौदाव्या कलमाखाली कारवाई करावी असे काहीही मला आढळले नाही. करार मुदतीपर्यंत चालू ठेवावा.’ त्याखाली तिने पूर्ण नाव लिहिले, तारीख घातली आणि इमारतीचा शिक्का उमटवला.

वरच्या प्रतीचे छायाचित्र काढून तिने ते पुण्याला पाठवले. तेव्हा दहाला पाच मिनिटे कमी होती. शुक्रवारचा मसुदा तिने चार तुकडे करून टोपलीत टाकला. एक कार्बन प्रत फाइलला लावली. दुसरी प्रत पाकिटात घालून तिने वर ‘श्री. धनपाल चौगुले, १२०३’ असे लिहिले. भाडेकरूला अहवालाची प्रत द्यावी असा नियम नव्हता. देऊ नये असाही नव्हता.

दिवाणखान्यासारख्या त्या प्रवेशदालनात त्या वेळी कुणी नव्हते. भिंतीवर सतरा मजल्यांच्या टपालपेट्यांच्या चकचकीत रांगा होत्या. क्रांतीने बाराव्या मजल्याची तिसरी पेटी शोधली, पाकीट फटीतून आत सरकवले, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज आल्यावरच हात काढून घेतला.